यंदाच्या वाकळा

प्रिय अक्का,

उद्या लोकांच्या घरी घट बसतील. आपल्याकडे यंदा सण नाही, म्हणून मला काही काम नाही. गच्चीवरच्या दोऱ्या रिकाम्या झाल्या, शेवटचं गाठोडं सकाळीच गेलं. एरवी सीझन संपला की आपण दोघी जावा दुकानाच्या पायरीवर चहा घेऊन बसायचो आणि तुम्ही एकेका गिऱ्हाइकाची उणीदुणी काढायचात. यंदा उणीदुणी माझ्याकडेच भरपूर आहेत, पण ऐकणारं कुणी नाही. म्हणून लिहितेय. तसंही, मला एक वाक्य पुरं करू दिलंत का हो कधी?

तुम्ही वैशाखात गेलात. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. पुढचं सांगते.

आपल्या दुकानाचं सगळं वर्ष या पंधरा दिवसांवर. एरवी काय, इस्त्री! पण महालक्ष्म्या उठल्या की घरोघर बायका दसरा काढायला लागतात. पडदे, चादरी, वाकळा, घरातलं यच्चयावत कापड घटाच्या आत पाण्यातून निघालंच पाहिजे. ओली वाकळ उचलता उचलता पाथरीतल्या किती बायकांच्या कंबरा गेल्या असतील! "कंबर सांभाळ गं बाई, वाकळ माझ्याकडं दे," एवढ्या एका वाक्यावर तुम्ही धंदा उभा केलात.

जाहिरात म्हणजे तुमचं तोंड. महालक्ष्म्यांच्या कुंकवाला जायचं, पलंगावर बसायचं आणि हळूच वाकळेचा कोपरा चिमटीत धरायचा. "अगं बाई, वास यायलाय की हिला! पावणे काय म्हणतेल? दसरा कवा काढायलीस?" बिचारी घरधनीण लाजून लाल. संध्याकाळी गाठोडं दुकानात हजर!

मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं व्हायचं. कुंकवाला जाऊन लोकांचा अपमान कशाला करता, असं मी एकदा म्हटलंही होतं. "अपमान न्हाई गं, आठवण द्यायले," असं म्हणून तुम्ही पुढच्या घरात शिरलात.

तुम्ही काउंटरवर, मी मागे हौदावर. तुम्ही बोलायचं, मी धुवायचं. तेव्हा ते बरंच वाटायचं मला, माणसांशी बोलावं लागत नव्हतं. पण अक्का, एकदा तरी कुणाला सांगायचं होतंत की वाकळा ही धुते म्हणून! गावाला माझं तोंडच माहीत नाही.

यंदा महालक्ष्म्यांना मला कुंकवाचं बोलावणं आलं नाही. ज्यांच्याकडे सण नाही त्यांना कोण बोलावणार? मग पंधरवडा लागला. मी हौद घासून भरून ठेवला, साबण आणून ठेवला आणि काउंटरवर येऊन बसले. एक वाकळ येईल तर शपथ!

भाऊजी तुमच्या खुर्चीकडे न बघता आत आले आणि म्हणाले, "सुनीता, मोबाईल दुरुस्तीवाला दुकान मागायलाय. घटापोतर बघू. न्हाई जमलं तर देऊन टाकू." त्यांचा राग आला मला. तुमचा नवरा, आणि तुमच्या दुकानाला असं बोलतो! त्यांना त्या काउंटरकडे बघवतच नव्हतं, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

शेवटी मी फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याने विचारलं, "फोटो कुणाचा टाकायचा?" म्हटलं, अक्कांचा. लोक त्यांनाच ओळखतात. लग्नातला तो हिरव्या पैठणीतला फोटो दिला. वर मोठ्या अक्षरांत तुमचं नाव, खाली "दसरा काढायचाय? वाकळा, चादरी, ब्लँकेट स्वच्छ धुऊन मिळतील." फ्लेक्सवाल्याने आपल्या मनानेच दोन्ही बाजूंना समया लावल्या आणि तुमच्या मागे पांढरे ढग सोडले. मला वाटलं, समया देवीच्या असतील. छान दिसतंय म्हणून घेऊन आले आणि स्टँडच्या रस्त्याकडे तोंड करून टांगलं.

पितृपंधरवड्यात, अक्का!

पुढे काय झालं ते तुम्हाला सांगायला नकोच. खालच्या ओळी वाचतंय कोण? दुसऱ्या दिवसापासून बाया यायला लागल्या, सगळ्या रिकाम्या हातांनी. कुणीतरी फ्लेक्सला झेंडूचा हार घातला. जीपमधून उतरलेल्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून हात जोडले. एका बाईला तुम्ही गेल्याचं फ्लेक्स बघूनच कळलं, ती पायरीवर बसून मोठ्याने रडली. मी येईल त्याला चहा करत होते. दूध संपलं, साखर संपली, वाकळ एक नाही!

खरं सांगू? आधी मी तुमच्यावरच चिडले. गेल्यावरही सगळी माणसं तुमच्याचभोवती! मग ती पायरीवरची बाई गेली, मी तिची कपबशी विसळायला मागे गेले आणि हौदापाशी मला तुमची फार आठवण आली. वैशाखात रडायला सवडच मिळाली नव्हती. ते त्या दुपारी झालं.

तिसऱ्या दिवशी किराणा दुकानाच्या स्वामीकाकू आल्या. कपाळाला विभूती, हातात काठी. माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "अक्का गेली. आता आमच्या वाकळा कोन धुणार गं?"

"मीच धुणार, काकू. आधीबी मीच धुवत होते."

"तू? मंग अक्का काय करायची?"

"बोलायच्या."

काकू डोळे पुसता पुसता हसायला लागल्या. मग एकदम रागावल्या. "मंग सांगायचं न्हाई का? आमाला वाटलं, तुमच्याकडं सण न्हाई. दुखाच्या घरात आपल्या वाकळा कशाला नेऊन टाकाव्या? सुना दोन दिस झालं न्हाणीत भिजू घालून बसल्यात. उचलंनात त्यांच्यानं!"

म्हणजे बघा! अख्खं गाव आपल्यावर माया करून आपलं दुकान बंद पाडत होतं.

त्याच पावली काकूंबरोबर गल्लीत निघाले. पहिल्या घरी तोंड उघडलं तर आवाजच फुटेना. काकूंनी काठीने ढोसलं, तेव्हा एका दमात म्हटलं, "मी अक्कांची धाकटी जाऊ. आमच्याकडं सण न्हाई, पण काम चालू हाय." दुसऱ्या घरी जरा बरं जमलं. चौथ्या-पाचव्या घरी तर, हसू नका, मी वाकळेचा कोपरा चिमटीत धरला! आणि दुकानात रडायला येणाऱ्या बायांनाही सांगायला लागले, रडून घ्या आणि जाताना निरोप घेऊन जा, वाकळा पाठवा.

मग ज्या वाकळा आल्या, अक्का, दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. माझ्या हातांची सालं निघाली. भाऊजी गच्चीवर वाळत घालायला लागले. काल मोबाईलवाला आला, तर त्यांनी त्याला पायरीवरूनच सांगितलं, "दुकान द्यायचं न्हाई. चालू हाय." नंतर स्टुलावर चढून फ्लेक्स उतरवला, पुसला आणि घडी घालून आत नेला.

इथवर लिहिलं आणि मधेच उठावं लागलं. एस.टी.तून उतरून एक नवी सून आली, चारठाण्याकडची, डोक्यावर गाठोडं. उद्या घट आणि ही आज येतेय! म्हणाली, "सासूबाईनं सांगितलंय, पाथरीत अक्काकडंच द्यायची, दुसऱ्या कुणाकडं न्हाई. अक्का तुमीच का?"

अक्का गेल्या, हे या पंधरा दिवसांत मी इतक्यांना सांगितलंय की आता ते आपोआप तोंडातून निघतं. भाऊजी दारात उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मान खाली घातली.

मी तिच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून घेतलं आणि म्हटलं, "हो, मीच."

रागावू नका. ऊन आहे तोवर वाकळ दोरीवर पडली पाहिजे, म्हणून आता थांबते. दुकान चालू ठेवीन, आणि बोलेन. नाव तुमचं आहे अक्का, नीट वापरीन.

तुमची धाकटी जाऊ,
सुनीता