मनगटावरचे दोन वेढे

बा, काल मालवणाकडच्या एका दुकानात मी समुद्रातल्या माशासाठी काठी आणि रील निवडत होते, आणि तिथं उभ्या उभ्या मला कळलं की तू कसा मेलास. आधी गोड बोलून मग कडू सांगायची रीत आपल्या घरात नव्हती, म्हणून पहिल्याच ओळीत सांगून टाकते. लेकीनं पुढ्यात ठेवलेला चहा तसाच निवून गेला. तू गेलास तेव्हा मी नुकती लग्न होऊन वाशीमकडच्या कारंज्याला नांदायला गेले होते, आणि आता माझीच लेक इथं समुद्राकाठी नांदते. तिला तू पाहिलं नाहीस. पाहिलं असतंस तर म्हणाला असतास, हे तर माझंच नाक घेऊन आलं.

सुरुवात झाली धोंड्याच्या महिन्यानं. अधिक महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, चांदीचं वाण द्यायचं, हे तुला काय सांगायचं! मी दिवा पाहूनही ठेवला होता. तर लेकीचा फोन आला. "आई, चांदी-बिंदी नको घेऊ. इथं खोल पान्यात, खडकावरचे मासे धरतेत ना, तशी काठी अन् रील घेऊन दे. अन् तूच ये इकडं, आमाले सुटी नाही." म्हटलं, झालं! जावई सासुरवाडीला यायच्या ऐवजी सासूच वाण द्यायला निघाली. जावई बँकेत आहे, त्याचे वडील बोटवाले. मला वाटलं, सुटीच्या दिवशी बापासोबत हौसेनं जात असेल.

स्टँडवर घ्यायला जावई एकटाच आला. लेक कुठं आहे विचारलं तर म्हणे, येईलच आता, किनाऱ्यावरच जाऊ. गेलो. एक बोट आली आणि तिच्यातून गुडघाभर पाण्यात उडी मारली ती माझ्या पोरीनं. हातात तिच्या मांडीएवढा मासा. जावई मान खाली घालून म्हणाला, "आई, मला बोट लागते. खडकापर्यंत पोचायच्या आधीच मी आडवा होतो. रॉड तिच्यासाठीच हवाय." म्हणजे नवरा बँकेत, आणि ही सासऱ्यासोबत हौशी पाहुण्यांना घेऊन भर समुद्रात! वर्षभर चाललंय म्हणे, आणि मला फोनवर कोकमाच्या सरबताच्या गोष्टी सांगते! मी तिथंच वाळूत बसले. "बाप्पा! तुह्या आजाचा पान्यात जीव गेला, अन् तू..." त्या क्षणी मी ठरवलं होतं, काठी गेली खड्ड्यात, हिचं समुद्रात जाणं बंद करूनच मी वाशीमची गाडी धरीन.

कारण तुझं जाणं आपल्या घरात कधी कोणाला उलगडलंच नाही. पट्टीचा पोहणारा तू. मळ्यातल्या विहिरीत आमच्या कंबरेला डबा बांधून तूच आम्हाला पोहायला शिकवलंस. असा माणूस धरणाच्या काठाशी बुडतो कसा? गावानं एका सकाळीत निकाल दिला: आसरांनी नेलं. पाण्यातल्या सात बाया, त्यांची नजर बसली की पोहणं काय कामाचं? आई तेव्हापासून दर वर्षी धरणाच्या काठी सात खडे मांडते, शेंदूर लावते, हिरव्या बांगड्या आणि खण-नारळ ठेवते. पण पलीकडच्या काठावर जो गडी गळ टाकून बसला होता, तो वेगळंच सांगत होता. मोठा मासा लागला होता, तू शेवाळावरून घसरलास, तो "सोड, सोड!" म्हणून ओरडला, पण तू काठी सोडली नाहीस. लोक ओट्यावर बसून कुजबुजले, एका माशापायी लेकरं उघडी टाकली. मी आसरांवर कधी रागावले नाही, बा. मी तुझ्यावर रागावले. आईचं कपाळ पाहिलं की राग यायचा, भाजीच्या बाजारात तुझी जागा रिकामी पाहिली की यायचा. तुझ्या लेखी मासा मोठा आणि आम्ही लहान, असंच मी इतकी वर्षं धरून बसले.

तर काल. लेक ऐकेना, "नुसती पाह्यले त चाल," म्हणत दुकानात घेऊन गेली. भिंतीला शंभर तऱ्हेच्या काठ्या टेकलेल्या. दुकानदार पोट सुटलेला, बोलका माणूस. तो समजावून सांगू लागला, की खडकातला गोबरा मासा गळाला लागला की आधी आपल्या बिळाकडे पळतो, आत शिरला की दोरी दगडाला घासून तुटलीच समजा. म्हणून काठी आखूड आणि बुडाशी कडक हवी, रील ताकदीचं हवं. मला काहीच ऐकायचं नव्हतं. तरी हात कुठं गप्प बसतो? एक काठी उचलली, शेंडा फरशीला टेकवला आणि दाबून पाहिलं, कुठून वाकते ते. तू बांबू असाच पाहायचास. अंधाऱ्या पंधरवड्यात तोडलेला, जवसाचं तेल लावलेला बांबू तू आईच्या चुलीवर धरून सरळ करतो आहेस, भाकर तव्यावर करपते आहे आणि आई ओरडते आहे, "चूल माही हाय का तुमच्या मासोळ्याईची?" तू हसतोस, आणि बांबू फिरवतच राहतोस.

मग त्यानं रील दाखवलं. म्हणाला, "ह्याला ड्रॅग म्हणतात. मासा झेपेनासा झाला की रील आपणहून दोरी सोडतं. ओढून बघा." दोरी केसाएवढी बारीक. नीट ओढता यावी म्हणून मी ती मनगटाला गुंडाळली. गुंडाळली कसली, हातानं आपणच गुंडाळली, दोन वेढे, माझं लक्षही नव्हतं. आणि तो माणूस केवढ्यानं ओरडला! "हाताक गुंडाळू नको गे!" सगळं दुकान वळून पाहायला लागलं. त्यानं येऊन स्वतः वेढे सोडवले. त्याचाच चेहरा उतरला होता. म्हणाला, "ताई, आमच्याकडे शेंबड्या पोरालापण ठाऊक असतं हे. हाताला गुंडाळलेली दोरी सोडता येत नाही. ताण आला की ती आवळते. मासा खाली गेला की माणूसच त्याच्यामागून जातो." लेक माझ्याकडे पाहत होती. "आई, हे तुले कोनं शिकवलं व?"

कोणी शिकवलं? मी तिसरीत की चौथीत असेन. धरणावर माझ्या गळाला मासा लागला, हिसका बसला आणि भिऊन मी काठीच सोडून दिली. काठी गेली तरंगत. तू एरवी आवाज चढवायचा नाहीस, त्या दिवशी चढवलास. "हातचं कायले सोडलं? हातचं सोडाचं नसते, पोरी!" मी रडायला लागले तेव्हा तू जवळ घेतलंस, आपली काठी मला दिलीस, आणि दोरी माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन म्हणालास, "आता कशी सुटते पायतो." किती लाडानं, बा! तुझ्या मनगटालाही ते दोन वेढे नेहमी असायचे, तंबाखू मळायला दोन्ही हात मोकळे राहावेत म्हणून. आपल्याकडे सगळेच तसं करतात. आपले मासे हातभर, त्यांना कोणी भ्यावं!

आणि मग मला तो दिवस दिसला. निरोप मिळून मी कारंज्याहून धावत आले आहे, तुला काठावर निजवलं आहे, तुझा उजवा हात बाजूला पडला आहे, मनगटात काळी नायलॉनची दोरी रुतून बसली आहे. काकानं ती विळ्यानं कापली आणि झुडपात फेकून दिली. हे मी पाहिलं होतं, बा! सगळ्यांनी पाहिलं होतं. पण ती दोरी तुझ्या हातात कायमच असायची, गंडा असावा तशी, मग तिच्याकडे पाहून कोण काय विचारणार? दुकानात मी माझं मनगट चोळत उभी होते. तू मासा सोडला नाहीस, असं अख्खं गाव म्हणत होतं, मीही म्हणत होते. तुला सोडता येत नव्हतं. आणि ते दोन वेढे तू माझ्याही हातावर घातले होतेस. त्या दिवशी माझ्या गळाला तो मोठा मासा लागला असता तर?

लेक पाणी घेऊन आली, म्हणाली, "चाल आई, नको आपल्याले काही." मी म्हटलं, थांब. आता हिला मागे ओढू तरी कशाच्या जोरावर? आसरांचं भय घालून ओढलं असतं. दोरीचं भय घालायचं, तर सोडणारं रीलच समोर पडलं होतं. मी दुकानदाराला म्हटलं, "मासा ओढून राह्यला, पाय घसरला, तर दोरी मोकळी कशी कराची, ते दाखवा." लेकीला आवडलेल्या हलक्या रीलची चकती चांगली पाचसहा वेळा फिरवावी लागत होती. दुसरं एक जड होतं, त्याला बाजूला एक कांडी. ती मागं सारली की दोरी मोकळी, एका अंगठ्याचं काम. मी लेकीला हात ओले करायला लावले, डोळे मिटायला लावले आणि कांडी सारायला लावली. पुन्हा सारायला लावली. "आई, लोक हासून राह्यले," ती म्हणे. हसू दे. "हे जड हाय व." जड त जड. हेच पाहिजे. काठी मात्र मी निवडली ती तुझ्या रीतीनं: शेंड्याकडे वाकणारी, बुडाशी न हलणारी. दुकानदारानंही मान डोलावली.

आज सकाळी ती बोट घेऊन गेली. किनाऱ्यावरून मी ओरडून विचारलं, "हात?" तिनं दोन्ही मनगटं वर करून दाखवली. मोकळी होती. बोट दिसेनाशी होईपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता, खोटं कशाला सांगू? पण तुझ्यावरचा राग शोधला तर तो सापडेना. त्याची इतकी सवय झाली होती की आता चुकल्यासारखं वाटतं.

हे पत्र टाकायचं कुठं, आणि वाचणार कोण! पण एक सांगून ठेवते. दुपारी आईचा फोन आला होता. "जावयाले काय देलं व?" मी म्हटलं, चांदीचा दिवा. तिला बरं वाटलं. म्हणाली, येताना आसराईच्या ओटीसाठी हिरवा खण आणजो. तो मी लगेच जाऊन घेऊनही आले. दोरीचं तिला मी सांगणार नाही, बा. इतकी वर्षं तिनं सात बायांची ओटी भरून त्यांच्याशी मिटवून घेतलंय. आता या वयात तिनं कोणाशी भांडावं, त्या दोन वेढ्यांशी? ती आता थकली आहे. कधीतरी तुझ्याकडे येईल, आणि तिचा स्वभाव तुला ठाऊक आहे, आल्या आल्या विचारेल, पोरीनं जावयाले खरंच काय देलं होतं. तूही दिवाच सांग.