मोठा निखारा

कोरीट, सोमवार, १२ जानेवारी १९३१

आमचा बाप्तिस्मा झाल्यापासून शेजारची सोनाबाई आमच्या चुलीतला विस्तव घेत नाही, देतही नाही. आज संध्याकाळी मात्र खापर घेऊन दारात उभी.

"बहीन, इस्तो शे का? पोऱ्याले ताप शे, चूल इझी गई."

वर्षभर मी प्रार्थनेत म्हणत आले, प्रभू, तिचं मन मऊ कर. ती आली, आणि माझंच मन दगड. नाही म्हणणार होते. मग सगळ्यात मोठा निखारा तिच्या खापरात टाकला.

मोठाच का निवडला? मायेने, की तिला लाज वाटावी म्हणून?

आता प्रार्थनेला बसले तर नेहमीचं वाक्य तोंडी येईना. तिच्या पोराचा ताप उतरव, एवढंच म्हणाले. त्यात तरी मोठेपणा नव्हता. की होता?