पडद्यामागची खाट

रोहा, मंगळवार, १२ डिसेंबर १९९५

आज घरपट्टीच्या आकारणीसाठी मालतीवहिनींचं शिवणकामाचं दुकान मोजलं. टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं होतं, अगदी ताठ. शिवणारी बाई, ढिलं कसं सोडेल?

दुकानात पडदा, त्यामागे खाट, खाटेवर अर्धांग झालेला त्यांचा नवरा. माझा शाळेतला सोबती. तेवढी जागा राहण्याची म्हणून लावली असती, तर कर बराच उतरला असता. पण साहेब बाजूलाच उभे. त्यांनी विचारलं, "पडद्यामागेही शिवता का?"

"व्हय, यांना पाणी द्यायला बरं पडतं," वहिनी म्हणाल्या.

झालं! सगळी जागा दुकानात धरली. धंदा किती होतो ते आम्ही बघतच नाही. जागा भाड्याने दिली तर काय येईल, तेवढंच बघतो. आणि शेजारचा गाळा कंपनीच्या कंत्राटदाराने चढ्या भाड्याने घेतलाय. पण ती खाट कोण भाड्याने घेणार? हे मी तिथे का बोललो नाही? साहेबांना घाबरलो, दुसरं काय.

वहिनींनी टेप शेवटपर्यंत ताठच धरला होता. तो गुंडाळताना त्यांनी विचारलं, "भावजी, मापात चूक नाय ना?"

"नाही," म्हणालो. मापात नव्हतीच.