काळ्या काठाचा कागद आणि गोगलगाईचं बारसं

लडलो,
सोमवार, ११ मे १८६३

प्रिय केझियाताईस,
डॉर्कसचा सप्रेम नमस्कार.

आज सकाळी आलेल्या वस्तू अशा: टॉर्कीहून ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या गोगलगाई, डबा एक (पाठवणाऱ्याने तिकीट लावलं नाही, म्हणून दुप्पट, चार पेन्स). ब्रिस्टलहून शिंपल्यांची पेटी, बुडातून गळणारी. आणि एडिनबऱ्याहून रेल्वेने लॉरेलच्या पानांचं भलंमोठं पुष्पचक्र, फितीवर आमच्या यांचं नाव. हशील आमच्याच माथी, एक शिलिंग आठ पेन्स. ते यांनी स्वतः दारात सही करून घेतलं. तेव्हा प्रभुकृपेने हे खुशाल आहेत, काळजी नसावी.

तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींच्या पायाचा ठणका उतरला का? हंसाची चरबी चोळत जा, पण कोमट करून. थंड चोळली तर नुसती चादर खराब होते.

आता पुष्पचक्राचं. गल्लीतल्या जुन्या चुनाभट्टीच्या भिंतीवर यांना एक बारीक गोगलगाय सापडली, हे तू जाणतेसच (तू गेल्या खेपेला तिच्यावर छत्री टेकवली होतीस, हे अजून विसरलेले नाहीत). यांच्या मते ती जात नवीन. एडिनबऱ्याचे डॉ. क्रॅग म्हणतात, नेहमीचीच आहे, थंडीने आखडलीय. या विद्वान मंडळींत रीत अशी, की नव्या जिवाला आपलं नाव आपणच द्यायचं नाही. दुसऱ्याने दिलं तर मान, स्वतः दिलं तर निर्लज्जपणा. आणि गोगलगाईंच्या बाबतीत डॉ. क्रॅगांच्या शब्दापुढे कुणी जात नाही. आम्हांला मूलबाळ नाही, ताई. नाव मागे उरायचं तर त्या गाईच्या पाठीवरच. म्हणून वर्षानुवर्षं टपालातून भांडण चाललेलं.

उपवासाच्या दिवसांत पाद्रीबाबांनी वैऱ्याला क्षमा करण्यावर प्रवचन दिलं. मी यांच्या मागे लागले. शेवटी म्हणाले, “मिटलं बाई भांडण, लिही तुला काय लिहायचं ते. मी त्या माणसाला एक ओळ लिहिणार नाही.” (यांचं अक्षर गोगलगाय चालून गेल्यासारखं, म्हणून स्वच्छ प्रत एरवीही मीच काढते.) मी लिहिलं, की माझ्या यजमानांचा आपल्याशी असलेला वाद आता कायमचा मिटला आहे, त्यांच्या जिवाला अखेर शांती लाभली, शेवटी त्यांच्या मनात आपल्याविषयी कटुता उरली नव्हती. यात काय चुकलं, सांग. फक्त प्रुडन्स आत्या गेल्याचं कळवायला आणलेला, सुतकाचा काळ्या काठाचा कागद उरला होता, आणि चांगला कागद फेकणं मला पाप वाटतं. काळी लाखही थोडी होती, तीही संपवली.

मागल्या आठवड्यात उत्तर आलं. डॉ. क्रॅग रडले. भर सभेत उभं राहून म्हणाले, की एका थोर निरीक्षकाशी आपण हट्टाने वागलो. गाय नवीनच आहे. तिला दिवंगत मित्राचं नाव देत आहोत. त्यांच्या मासिकाच्या जूनच्या अंकात छापून येईल. सोबत यांच्यावरचा मृत्युलेख. हे तो लेख खुर्चीत बसून पुन्हा पुन्हा वाचतात.

“डॉर्कस, हा माणूस लिहितो मात्र छान गं.”

“अहो, पण तुम्ही मेला नाहीत!”

“जूनचा अंक निघेपर्यंत त्याला फारसं महत्त्व नाही.”

जेमायमा (आमची मोलकरीण, गोगलगाय नि पोटात पाय) आतून विचारते, “बाईसाहेब, कैलासवासी साहेबांच्या चहात साखर घालू की काटकसर करू?”

मी यांना बजावलं, की असत्यावर उभं राहिलेलं नाव प्रभूला चालणार नाही. तर म्हणाले, “तू लिहिलेल्यात एक खोटा शब्द दाखव.” मी कच्चा खर्डा काढून वाचला. खरंच नाही. खोटा आहे तो काठ, आणि काठ दुकानदाराने छापला. तरीही सत्य कळवायचं, हे मी ठरवलं. यावर हे उठले. भिंग घेऊन चुनाभट्टीकडे गेले. खिडकीतून पाहिलं तर भिंतीपुढे गुडघ्यांवर बसून त्या गाईला तिचं नवं नाव हळूच ऐकवत होते. असो. सत्य ते सत्य. तुझं पत्र संपवून एडिनबऱ्याचं लिहायला घेते.

तुझी धाकटी बहीण,
डॉर्कस

ता. क. एडिनबऱ्याचं पत्र लिहिलं नाही. दुपारच्या टपालाने डॉ. क्रॅगांचंच आलं. विधवेचं सांत्वन करायला नि ती भिंत पाहायला शनिवारी जातीने येत आहेत.

ता. क. दुसरा. शुक्रवारच्या गाडीने यांना तुझ्याकडे पाठवते, जून उजाडेपर्यंत. खाणं बेताचं आहे. यांच्या सोबतचा गोगलगाईंचा डबा मोरीत ओला ठेवावा, आणि झाकण कुणी उघडू नये. मी खोटं बोलणार नाही, हे तू जाणतेस. डॉ. क्रॅगांनी विचारलंच, तर ‘ते आता याहून चांगल्या ठिकाणी आहेत’ एवढंच म्हणेन. आणि तुझं घर आमच्या घरापेक्षा चांगलं आहे, हे अख्ख्या लडलोला ठाऊक आहे. तेव्हा मागची खोली रिकामी आहे की नाही, ते उलटटपाली कळव.