आधीच जाणणारा

उज्जैन, नोव्हेंबर १९५६, संध्याकाळ

आज जेवण गेलं नाही. रामघाटावरच्या ज्योतिषी गोविंदशास्त्रींना कुणा परदेशी पाहुण्याने इंग्रजीत शेरा लिहून दिलाय. त्यातल्या ‘प्रेशियंट’ शब्दाखाली बोट धरून त्यांनी मला अर्थ विचारला. सरळ सांगायचा की नाही? पण चार गिऱ्हाईकं बसलेली, आणि मी पडलो इंग्रजीचा मास्तर! म्हणालो, “शब्द मूळचा लॅटिन. प्रे म्हणजे आधी. पुढचा भाग सायन्सच्याच मुळातला, जाणणं. आधीच जाणणारा. तुमच्यासारखा ठोकताळे बांधणारा नव्हे.”

“वा मास्साब!” म्हणत सगळे हसले. शास्त्रीबुवाही हसले. बोट मात्र त्या शब्दाखालीच राहिलं.

नवं राज्य झालं, कचेऱ्या भोपाळला निघाल्या. माझीही बदली होईल का, हे विचारायला मागच्याच आठवड्यात त्यांच्याकडे लपतछपत कोण गेलं होतं? मीच ना? तिथे सगळ्यांसमोर त्यांनी एवढंच बोलून दाखवलं असतं तर?

नाही बोलले. कागदाची घडी घालत म्हणाले, “बरं झालं मास्तर, अर्थ कळला.”

ते बोट डोळ्यांपुढून हलत नाही. उद्या जाऊन माफी मागायची म्हणतोय. मी जाणार नाही, हे त्यांना बहुतेक आत्ताच ठाऊक असेल.