जप्तीवाल्याला चहा

बर्नली, मंगळवार

प्रिय बेरिलताई,

तुझा गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डावर तू सहीपलीकडे काही लिहीत नाहीस, म्हणून तुझी खुशाली मला तुझ्या फ्लीटवुडहून येणाऱ्या मासेवाल्याला विचारावी लागते. आम्ही इकडे ठीक आहोत. म्हणजे शुक्रवारपर्यंत.

तुझा मेहुणा डेन्झिल कामाला होता तो कारखाना बंद पडल्यापासून घरपट्टी थकली आणि तपकिरी पाकिटं यायला लागली. मी ती पावाच्या डब्यात टाकत गेले (पाव फ्रिजवर ठेवते, वाळतो जरा). उघडलं नाही की आलंच नाही, असा माझा हिशेब. मग गेल्या गुरुवारी दारात जप्तीवाला उभा. पावसात निथळत होता, आणि बोलायला इतका गरीब की आईने आपल्याला लावलेली सवय आडवी आली. मी म्हटलं, चहा घेणार? त्याने पायपुसण्याला बूट पुसले, दोन चमचे साखर घेतली, आल्याची शेवटची दोन बिस्किटं खाल्ली, पियानोचं कौतुक केलं आणि तो यादीत लिहिला. टीव्ही, सोफा, पियानो. थकबाकी हप्त्याने फेडीन, नाहीतर हे सामान न्यावं, अशा कागदावर मीही सही ठोकली, कारण पेन त्याने फार अदबीने पुढे केलं होतं.

दुसऱ्या दिवशी चर्चच्या हॉलमध्ये गेले. तिथे कर्जात बुडालेल्यांना फुकट सल्ला देतात. ऑर्मरॉड नावाच्या बाई आहेत, वयाने आपल्या मुलींएवढ्या. मी पिशवी टेबलावर उलटी केली. एकसष्ट पाकिटं त्यांनी एकेक करून उघडली आणि विचारलं,

"तो आत कसा आला? दार ढकलून?"

"छे हो, मीच घेतलं. बिस्किटंसुद्धा दिली."

बाईंनी चष्मा काढला. "अहो ग्लेनिसबाई, घरपट्टीसाठी पहिल्या खेपेला त्याला जबरदस्तीने आत शिरता येत नाही. दार लावून खिडकीतून बोलायचं असतं. एकदा तुम्ही आत घेतलंत, सही दिलीत, की हप्ता चुकल्यावर तो दार फोडूनही येऊ शकतो."

(हे तिसऱ्याच पाकिटात छापलेलं होतं म्हणे.)

पहिला हप्ता शुक्रवारी आहे आणि तो आमच्याकडे नाही. बाईंनी नगरपालिकेला मुदत मागितली आहे, पण उत्तर सोमवारच्या आत येणार नाही. टीव्ही गेला तर जाऊ दे. पण पियानोवर मी आईचे हात पाहिलेत. तो गेला तर या घरात तिचं काही उरणार नाही. ताई, मला भीती वाटते. कुणी दार वाजवलं की मी जिन्याखाली जाऊन बसते, आणि काल तो बिचारा मासेवालाच निघाला.

तुझी धाकटी,
ग्लेनिस

ता. क. दुसऱ्याच्या मालकीची वस्तू जप्तीवाल्याला नेता येत नाही, मालकाने पुराव्यासकट लेखी कळवायचं. ज्यावरून आपण अकरा वर्षं बोलत नाही तो पियानो तुझा आहे, असं तू लिहून देशील का? फक्त शुक्रवारपुरतं.

ता. क. २ 'फक्त शुक्रवारपुरतं' हे खोडलं आहे असं समज. पुरावा म्हणून आईची चिठ्ठी जोडते आहे. तिच्या उशीखाली होती. आयुष्यात एकच पाकीट मी हाती आल्याबरोबर उघडलं, आणि त्यावर तुझं नाव होतं.