धागे कचऱ्यात टाकलेस ना

राजेंद्र, बूट काढ, पंख्याखाली बस. तुला एक गोष्ट सांगते, मधे तोंड घालू नकोस.

एक म्हातारी होती. कॅम्प पाचच्या वस्तीत जीन्सच्या कारखान्यात वीस वर्षं धागे कापले तिने. शाळा चौथीपर्यंत, पण आपल्या गोळ्या बरोबर ओळखायची. पाकिटाला पिवळा धागा म्हणजे उपाशीपोटी शुगरची, निळा म्हणजे नाश्त्यानंतर प्रेशरची. चार वर्षांत एकदा चुकली नाही. रविवारी तिच्या हुशार पोराने धागे कचऱ्यात टाकले आणि सगळ्या गोळ्या सोलून इंग्लिशमध्ये वार लिहिलेल्या डबीत भरल्या. "आई, आता टेन्शन नाय."

काल ती म्हातारी शुगरची गोळी दोनदा गिळून बसली. शुगरची काय नि प्रेशरची काय, दोन्ही पांढऱ्याच ना रे! दरदरून घाम फुटला. शेजारच्या अंजनीने साखरपाणी पाजलं म्हणून वाचली. आणि तू येऊन अंजनीसमोर माझ्यावरच ओरडलास, "तुला काय कळतं?"

कळत होतं ते तूच फेकलंस! डबी घेऊन दवाखान्यात चाललेय. डॉक्टरीणबाईंना एकेक गोळी विचारून परत धागे बांधणार. मागे येऊ नकोस. तिथे माझी उत्तरं तूच देतोस.

भाकरी झाकून ठेवलीय. कपाटात तुझं प्रेशरचं पाकीट सापडलं, मार्चपासून एक गोळी कमी नाही. तुला तर इंग्लिश वाचता येतं ना? त्याला लाल धागा बांधलाय. लाल म्हणजे जेवल्यावर. माझ्याशी नंतर भांड, आधी ती गोळी घे.